ब्रिटनमधला पहिला हिवाळा: हीटिंगच्या बिलासाठी सरकारी मदत कोणाला आणि कशी मिळते

जानेवारीतल्या एका शनिवारी आमच्या टेबलाशी एक काका आले. हातात सुपरमार्केटची पिशवी आणि पिशवीत दीड-दोन महिन्यांची न उघडलेली पाकिटं. "सगळी बिलंच असणार. उघडून तरी काय करायचं?" पाचवं की सहावं पाकीट फोडलं, तर ते बिल नव्हतंच. तुम्हाला विजेच्या बिलात १५० पौंडांची सूट मिळू शकते, अमुक तारखेच्या आत फोन करून माहिती पक्की करा, असं सरकारचं पत्र होतं. मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. फोन तिथूनच लावला.

आम्ही तिघंचौघं कम्युनिटी हॉलमध्ये शनिवारी दुपारी असे फॉर्म भरून द्यायला बसतो. हिवाळ्यात रांग बिलांचीच असते. वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करणारे, केअर होममध्ये काम करणारे, पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्याहून स्विंडन-साउथॉलला आलेली कुटुंबं, नुकतंच कॉलेज सुरू केलेली पोरं. सगळ्यांचा प्रश्न एकच असला तरी प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं. ते कसं शोधायचं ते इथे पायरीपायरीने सांगते. आकडे २०२५-२६ च्या हिवाळ्याचे आहेत. दर शरद ऋतूत ते बदलतात, म्हणून अर्जाच्या आधी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

घरात पाऊल टाकल्याच्या दिवशी: मीटरचा फोटो

आपल्याकडे महावितरणचा माणूस दारात येतो आणि बिलावर मीटरचा फोटोसुद्धा छापून येतो. इथे ते काम तुमचं. चावी हातात पडली की सामान उतरवण्याआधी विजेचा आणि गॅसचा, दोन्ही मीटर शोधा. जिन्याखालच्या कपाटात, स्वयंपाकघरात नाहीतर बाहेर भिंतीतल्या पेटीत असतात. आकडे आणि मीटरचा क्रमांक दोन्ही दिसतील असा फोटो काढा. हा फोटो नसेल तर आधीच्या भाडेकरूने जाळलेला गॅस तुमच्या बिलात येऊ शकतो आणि मग भांडायला हातात काही राहत नाही.

त्या घराला आधीपासून जी कंपनी वीज-गॅस पुरवते, तिचे ग्राहक तुम्ही राहायला आल्या क्षणापासून आपोआप होता, सही केली असो वा नसो. पहिलं पत्र बहुतेक "द ऑक्युपायर" या नावाने येतं, म्हणजे "जो कोणी इथे राहतो तो". आपलं नाव नाही म्हणून लोक ते सरळ कचऱ्यात टाकतात. ते तुमचंच पत्र आहे. कंपनीला फोन करा, राहायला आल्याची तारीख आणि मीटरचे आकडे द्या, आणि खातं स्वतःच्या नावावर करून घ्या.

हे नाव फार महत्त्वाचं आहे. पुढे येणारी वॉर्म होम डिस्काउंट ही १५० पौंडांची सूट ज्याच्या नावावर विजेचं बिल आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला मिळते. सरकारच्या बेनिफिटच्या, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या, नोंदी आणि कंपनीच्या नोंदी यांची जुळवणी संगणक करतो, आणि आपली नावं त्याला चांगलीच चकवतात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, कंपनीकडे ते गायब. एकीकडे लग्नाआधीचं आडनाव, दुसरीकडे नंतरचं. एजंटने घाईत लिहिलेलं स्पेलिंग तर विचारूच नका. बेनिफिटच्या खात्यावर जे नाव, ज्या स्पेलिंगने आहे, तेच अक्षर न् अक्षर विजेच्या बिलावर असू द्या.

भाड्यातच बिल धरलेलं असेल, म्हणजे खातं घरमालकाच्या नावावर, तर ही सूट तुमच्यापर्यंत येत नाही. खोली घेताना "बिलं धरून" हे शब्द गोड वाटतात, पण कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने हिशोब करूनच हो म्हणावं. मालक वीज वेगळी मोजून पैसे घेत असेल, तर त्याने स्वतः कंपनीला जो दर दिला त्याहून जास्त तुमच्याकडून घेता येत नाही, असा नियामक संस्थेचा, म्हणजे ऑफजेमचा नियम आहे. त्याचं बिल दाखवायला सांगा.

गॅसच्या मीटरची एक गंमत मी स्वतः भोगली आहे. नव्या मीटरवर घनमीटर असतात, जुन्यावर घनफूट. बिल मात्र दोन्हीचं युनिटमध्ये येतं, आणि एका घनमीटरचे साधारण ११ युनिट होतात. माझा मीटर होता घनमीटरचा, पण कंपनीच्या दप्तरी तो घनफुटाचा म्हणून नोंदलेला. घनफुटाच्या मीटरला हिशोबात २.८३ ने गुणतात. झालं, पहिल्या हिवाळ्यात बिल जवळजवळ तिप्पट. दोन महिने मी घरात शाल पांघरून बसले आणि दोष स्वतःलाच देत राहिले. मीटरवर एम आणि वर छोटा ३ असेल तर घनमीटर, एफटी असेल तर घनफूट. बिलाच्या मागच्या पानावर काय लिहिलंय ते ताडून बघायला दोन मिनिटं लागतात.

मग व्हिसा बघा

यूकेव्हीआय, म्हणजे इथल्या व्हिसा खात्याच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात जाऊन आपला ई-व्हिसा उघडा. त्यात "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" असे शब्द आहेत का ते बघा. स्टुडंट, स्किल्ड वर्कर आणि त्यांच्यावर अवलंबून आलेले बहुतेक सगळे यात येतात. याचा अर्थ तुम्ही कर भरत असलात तरी युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट वगैरे तुमच्यासाठी नाहीत. नुसता अर्ज फेटाळला जाईल एवढंच नाही, चुकून मंजूर होऊन पैसे घेतलेत तर व्हिसाची अट मोडली असं धरलं जातं. "माझ्या मित्राने घेतले, काही झालं नाही" हे ऐकून अर्ज करू नका.

हे शब्द नसतील, म्हणजे कायमचा वास्तव्य परवाना किंवा ब्रिटिश नागरिकत्व असेल, तर दार उघडं आहे. युरोपीय पासपोर्टवर येऊन सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा दर्जा, मिळालेल्यांनाही उघडं. प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरता दर्जा असेल तर इथे राहण्याचा हक्क दाखवावा लागतो. नोकरी चालू असेल तर सहसा अडत नाही. पगाराच्या पावत्या मात्र जपून ठेवा.

नवराबायकोतल्या एकाला ही अट आहे आणि दुसऱ्याला नाही, किंवा मुलं ब्रिटिश आहेत आणि आईबाप नाहीत, अशी घरंही खूप आहेत. तिथे काय करावं हे मी सांगत नाही. नोंदणी नसताना व्हिसाबद्दल सल्ला देणं हा इथे गुन्हा आहे, आणि व्हॉट्सअॅपवरचे सल्लागार हे विसरतात. सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराकडे जा आणि मगच फॉर्म भरा.

अट असलेल्यांनी इथे लेख बंद करू नये. तुमच्यासाठीही बरंच आहे, ते पुढे येतं.

बेनिफिट ही खरी किल्ली

बिलाच्या मदतीसाठी वेगळं ऑफिस शोधत लोक हिंडतात. तसं ऑफिस नाही. हिवाळ्यातली बहुतेक मदत ज्यांना आधीच एखादं उत्पन्नावर आधारित बेनिफिट मिळतंय त्यांच्याकडे आपोआप जाते. म्हणून पात्र असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरची वाट न बघता बेनिफिटचा अर्ज आधी करा.

कामावर जाणाऱ्यांसाठी ते बेनिफिट म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट. नोकरी आहे म्हणून मिळणार नाही हा समज चुकीचा आहे. पगार वाढत जातो तशी रक्कम कमी होते, ठरावीक मर्यादेपलीकडच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स. भाडं आणि दोन मुलं असलेल्या एका पगाराच्या घराला बऱ्याचदा काहीतरी मिळतंच. बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर मिळत नाही. इथे आपले लोक हमखास अडकतात: बचत म्हणजे फक्त इथल्या बँकेतली नव्हे. गावच्या पतसंस्थेतली ठेव, भारतातली एफडी, रिकामा ठेवलेला फ्लॅट किंवा घेऊन ठेवलेला प्लॉट, हे सगळं विचारलं जातं आणि सांगावं लागतं. लपवलं आणि नंतर निघालं, तर मिळालेलं सगळं परत, वर दंड.

वॉर्म होम डिस्काउंट: १५० पौंड

ही योजना २०११ पासून आहे. रोख रक्कम मिळत नाही. विजेच्या खात्यावर १५० पौंड एकदाच जमा होतात. पूर्वी घर तापवायला किती खर्च येतो याचा एक किचकट निकष होता, त्यात पुष्कळ गरजू घरं गळायची. २०२५-२६ च्या हिवाळ्यापासून इंग्लंड-वेल्समध्ये तो काढून टाकला. आता युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, इन्कम सपोर्ट आणि उत्पन्नावर आधारित बेकारी किंवा आजारपणाचा भत्ता यांपैकी एक मिळत असलं तर पुरतं.

सगळा खेळ एका तारखेचा आहे. २०२५ साली ती २४ ऑगस्ट होती. त्या दिवशी बेनिफिट चालू हवं, बिलावर तुमचं किंवा जोडीदाराचं नाव हवं आणि कंपनी या योजनेत असायला हवी. सप्टेंबरात अर्ज केला तर त्या हिवाळ्याची सूट गेली. अपंगत्वाचा पीआयपी हा भत्ता किंवा चाइल्ड बेनिफिट एवढंच मिळत असेल तर ही सूट लागू होत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये अर्ज नसतो. ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान पत्र येतं. पत्रात "काही करायची गरज नाही" असेल तर खरंच काही करू नका. "फोन करा" असेल तर मुदतीच्या आत करा, त्या काकांसारखा. सवलतीचे पैसे साधारण मार्चअखेरपर्यंत खात्यावर येतात. वीज आणि गॅस एकाच कंपनीकडे असेल आणि हीटिंग गॅसवर असेल, तर सूट गॅसच्या खात्यावर टाका असं कंपनीला सांगून बघा. स्कॉटलंडमध्ये काहींना आपोआप मिळते, बाकीच्यांना कंपनीकडे स्वतः अर्ज करावा लागतो, तिथे लवकर नंबर लावलेला बरा. उत्तर आयर्लंडमध्ये ही योजना नाही.

स्वस्त दराच्या मागे लागून कंपनी बदलणार असाल तर नवी कंपनी या योजनेत आहे का ते आधी विचारा. अगदी लहान कंपन्या कधी कधी नसतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

स्टेट पेन्शनचं वय झालेल्यांसाठी विंटर फ्युएल पेमेंट आहे. २०२५-२६ साठी अट होती जन्म २२ सप्टेंबर १९५९ च्या आधीचा. घरामागे २०० पौंड, ८० च्या पुढचं कोणी असेल तर ३००. नोव्हेंबर-डिसेंबरात ते बँकेत येतात. दोन वृद्ध एका घरात असतील तर सहसा वाटून येतात. २०२४ साली सरकारने हे पैसे फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तसंच उत्पन्नावर आधारित बेनिफिट मिळणाऱ्यांपुरते ठेवले होते, त्यावरून बराच गदारोळ झाला. पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांना दिले, पण वर्षाचं उत्पन्न ३५,००० पौंडांहून जास्त असेल त्यांच्याकडून ते करातून परत घेतले जातात. स्कॉटलंडमध्ये याऐवजी तिथल्या सरकारचं वेगळं पेमेंट आहे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना यातलं काही मिळत नाही, हे दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

पेन्शन क्रेडिटबद्दल थोडं जास्त बोलते. साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या आपल्या काका-काकूंनी आयुष्यभर कारखान्यात, बसवर, हॉस्पिटलात काम केलं. पेन्शन बेताची. पण "सरकारपुढे हात पसरणं" त्यांच्या जिवावर येतं. मुलाला कळलं तर काय वाटेल, ही दुसरी काळजी. एकट्याचं उत्पन्न आठवड्याला २२७.१० पौंडांपेक्षा किंवा जोडप्याचं ३४६.६० पेक्षा कमी असेल, तर ते तिथपर्यंत भरून देतात. याच्यापेक्षा थोडं जास्त असलं तरी अपंगत्व किंवा घराच्या काही खर्चांमुळे मिळू शकतं. आणि हे चालू झालं की वॉर्म होम डिस्काउंट आणि पुढची थंडीची रक्कम ही दारं त्यामागोमाग उघडतात. अर्ज फोनवरही होतो, क्रमांक ०८०० ९९ १२३४. तीन महिने मागचंही मागता येतं. मी त्यांना सांगते, काकू, हा तुमच्या चाळीस वर्षांच्या नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारातून कापलेल्या हप्त्यांचा, विषय समजा आणि बिनधास्त सही करा. कायद्याच्या भाषेत ते तंतोतंत बरोबर नाही, पण सही होते.

कडाक्याची थंडी पडली तर

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तुमच्या भागात सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली गेलं, किंवा जाईल असा अंदाज असला, तर प्रत्येक अशा आठवड्याला २५ पौंड मिळतात. हे कोल्ड वेदर पेमेंट. तुमचा पोस्टकोड एका हवामान केंद्राला जोडलेला असतो, तिथला पारा धरतात. त्यामुळे शेजारच्या गावाला मिळालं आणि आपल्याला नाही, असं होतं. पेन्शन क्रेडिटवाल्यांना ते सरळ मिळतं. युनिव्हर्सल क्रेडिटवर असाल तर सहसा घरात कोणी कमावतं नसावं आणि पाच वर्षांखालचं मूल किंवा आजारपण असावं. अपंग मुलासाठीची रक्कम मिळत असेल तर नोकरी असली तरी चालतं. म्हणून बाळ झालं की युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात लगेच कळवा. स्कॉटलंडमध्ये याच्याऐवजी थंडी पडो न पडो, वर्षातून एकदा ठरावीक रक्कम देतात.

कौन्सिलचं दार

इंग्लंडमध्ये कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडे, हाउसहोल्ड सपोर्ट फंड असायचा. २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला हा फंड ३१ मार्च २०२६ पर्यंतचा, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडाला दिलेली आहे. वेल्समध्ये डिस्क्रिशनरी असिस्टन्स फंड, स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश वेल्फेअर फंड. प्रत्येक कौन्सिलचे नियम निराळे. कुठे मीटरचं व्हाउचर, कुठे रोख, कुठे गरम पांघरुणं. बेनिफिट नसतानाही काही कौन्सिलं मदत करतात, पण व्हिसावर ती अट असेल तर हा पैसा सार्वजनिक निधीत मोडतो का हे आधी सल्लागाराला विचारा. कौन्सिलच्या कर्मचाऱ्याने "चालेल" म्हटलं एवढ्यावर विसंबू नका. तो तुमच्या व्हिसाचा जबाबदार नाही.

व्हिसाशी ज्याचा संबंध नाही

कंपनीकडून मिळणारी सवलत आणि संरक्षण हा सरकारी निधी नव्हे, त्यामुळे विद्यार्थ्यापासून सगळ्यांना ते मागता येतं.

बिल झेपत नसेल तर थकायच्या आधी फोन करा. तुम्हाला परवडेल असा हप्ता ठरवून देणं कंपनीला ऑफजेमच्या नियमाने बंधनकारक आहे. महिन्याचं घरभाडं, किराणा, पाठवायचे पैसे असा कागद समोर ठेवूनच बोला. "वीस पौंड देऊ शकतो" हे आकड्यात सांगितलं की बोलणं पुढे सरकतं. भारतात पाठवायचे पैसे मात्र ते खर्चात धरतीलच असं नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे हार्डशिप फंड, म्हणजे अडचणीतल्या ग्राहकांसाठीचे निधी, असतात, तेही विचारा. विद्यापीठाचा हार्डशिप फंड असतो, विद्यार्थ्यांनी तिथे जायला लाजू नये.

दुसरं, प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर. फुकट आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वृद्ध, आजारी माणूस असेल किंवा इंग्रजी नीट बोलता-वाचता येत नसेल तरी नाव घालता येतं. वीज जाणार असेल तर आधी कळवतात, मीटर वाचायला माणूस पाठवू शकतात, आणि दारात येणाऱ्याने सांगायचा गुप्त शब्द ठरवता येतो. गावाहून आलेल्या सासूबाई दिवसभर एकट्या असतील तर हा शब्द फार कामाचा. वीज गेली तर १०५ ला फोन करा.

थकबाकी डोक्यावरून गेली असेल, तर इंग्लंड-वेल्समध्ये कर्ज सल्लागारामार्फत ६० दिवसांची "ब्रीदिंग स्पेस" मिळू शकते. तेवढे दिवस वसुलीची पत्रं आणि व्याज थांबतं.

चावीचा मीटर

स्वस्त भाड्याच्या घरात बहुतेक प्रीपेमेंट मीटर असतो. विजेला चावी आणि गॅसला कार्ड, कोपऱ्यावरच्या पेपॉइंटच्या दुकानात जाऊन टॉपअप करायचं. नवे स्मार्ट मीटर फोनवरून भरतात.

घरात आधीच्या भाडेकरूची चावी पडलेली असेल तर तिच्यात एक पेनीही भरू नका. तिच्यावर त्याची थकबाकी असू शकते, आणि तुम्ही भरलेल्या प्रत्येक टॉपअपमधून ती कापली जाईल. आधी कंपनीला फोन करून स्वतःच्या नावाची चावी मागवा.

दुसरा धक्का ऑक्टोबरात बसतो. उन्हाळाभर गॅस लावला नाही तरी रोजचा ठरावीक आकार मीटरमध्ये साठत जातो. पहिल्या थंडीत वीस पौंड भरता आणि मीटरवर पाच दिसतात. म्हणून उन्हाळ्यातही अधूनमधून थोडं भरत राहा. पैसे संपले तर इमर्जन्सी क्रेडिट घेता येतं, आणि ते पुढच्या टॉपअपमधून वळतं करतात. रात्री आणि सुटीच्या दिवशी सहसा पुरवठा तोडत नाहीत. तेही संपलं तर फ्युएल व्हाउचर. फ्युएल बँक फाउंडेशनसारख्या संस्था ते फूड बँक किंवा सिटिझन्स अॅडव्हाइसमार्फत देतात. वॉर्म होम डिस्काउंटही जुन्या चावीच्या मीटरला व्हाउचर म्हणूनच येतो. त्यावर शेवटची तारीख असते, ती बघा.

बिल मुळात कशाने फुगतं

"प्राइस कॅप आहे, म्हणजे बिल त्याच्या वर जाणार नाही" हे मी दर आठवड्याला ऐकते. कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, दरावर आहे, तुमच्या बिलावर नाही. ऑफजेम ती दर तीन महिन्यांनी ठरवतं. जास्त वापराल तर जास्त येणारच.

२०२६ च्या जानेवारी ते मार्चमध्ये विजेचा युनिट साधारण २७-२८ पेन्सला पडत होता आणि गॅसचा ६ च्या आसपास. आता खोलीतला तो छोटा पंख्याचा हीटर घ्या, दोन किलोवॅटचा. संध्याकाळी पाच तास लावला तर दहा युनिट, म्हणजे त्या दराने पावणेतीन पौंड. महिन्याचे ऐंशीच्या वर, एका खोलीचे. वीस पौंडांना मिळतो म्हणून पोरं घेतात आणि बिल आलं की मालकाशी भांडतात. घरात गॅसचा बॉयलर असेल तर तोच लावा आणि रिकाम्या खोल्यांच्या रेडिएटरची चकती कमी करा. रात्री अंगाखाली घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट हीटरच्या मानाने किरकोळ वीज खातं. गोधडी आणली असेल तर उत्तमच, पण पैसे वाचवायला हीटिंग पूर्ण बंद ठेवू नका. घरात किमान १८ अंश ठेवा असं इथलं आरोग्य खातं सांगतं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर विशेष. बंद खोलीत कपडे वाळत घातले की भिंतींना काळी बुरशी धरते, ती मग महिनोन्‌महिने जात नाही. आणि कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. गॅसचा वास आला किंवा संशय आला तर ०८०० १११ ९९९.

फसवे मेसेज, तक्रार आणि घर सोडताना

नोव्हेंबर लागला की "तुमचं विंटर फ्युएल पेमेंट अडकलंय, लिंकवर बँकेचे तपशील भरा" असे मेसेज सुरू होतात. वर सांगितल्याप्रमाणे हे पैसे बहुतेकांना आपोआप येतात. लिंक उघडू नका, मेसेज पुसून टाका. दारात येऊन "सरकारी योजनेतून" बॉयलर बदलून देतो म्हणणाऱ्यालाही लगेच सही देऊ नका.

कंपनीशी वाद असेल तर लेखी तक्रार करा आणि तारीख टिपून ठेवा. आठ आठवड्यांत मिटली नाही, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, पैसे लागत नाहीत. बारा महिन्यांपूर्वी वापरलेल्या वीज-गॅसचं बिल कंपनीने आधी चुकीने पाठवलंच नसेल, तर ते आता सहसा मागता येत नाही. माझं तिप्पट बिल मीटरच्या एका फोटोवर मिटलं, ओम्बड्समनपर्यंत जावं लागलं नाही. काय करावं सुचत नसेल तर सिटिझन्स अॅडव्हाइसचा ग्राहक क्रमांक ०८०८ २२३ ११३३. दुभाषा मागता येतो.

घर सोडताना पुन्हा तोच फोटो: दोन्ही मीटर, सोडण्याच्या दिवशी. नवा पत्ता द्या. शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं. महिन्याच्या हप्त्यात उन्हाळ्यात भरलेले जास्तीचे पैसे खात्यावर शिल्लक असतील, तर ते बिल निघाल्यावर दहा कामाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. भारतात कायमचे परत निघाला असाल तर इथलं बँक खातं हे पैसे येईपर्यंत बंद करू नका.